रजेचे आधीच सांगा

महाराष्ट्रातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुले पत्र



हिंजवडी असो, खराडी असो, ऐरोली, वांद्रे-कुर्ला संकुल, नाशिकची अंबड-सातपूर वसाहत किंवा नागपूरचे मिहान, दरवर्षी हजारो तरुण-तरुणींच्या हाती तुमच्या सहीचे ऑफर लेटर पडते. त्यात मूळ वेतन असते, घरभाडे भत्ता असतो, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे असतो. जॉइनिंग बोनस असेल तर तो कोणत्या परिस्थितीत परत द्यावा लागेल हेही बारीक अक्षरात असते. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचे कलम तर कधीच चुकत नाही. बहुतेक पत्रांमध्ये एक गोष्ट मात्र नसते. ही नोकरी करताना मूल झाले, तर कंपनी आईला काय देईल आणि बापाला काय देईल, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. फार तर एक ओळ असते: 'इतर रजा कंपनीच्या धोरणानुसार.' ते धोरण पाहायला मागितले तर उत्तर मिळते, "जॉइन झालात की पोर्टलवर दिसेल."

माझी मागणी साधी आहे. बाळंतपणाची रजा, वडिलांची रजा, पाळणाघर आणि परतल्यानंतरची व्यवस्था यांची सगळी माहिती एका पानावर छापा आणि ते पान प्रत्येक ऑफर लेटरला जोडा. उमेदवाराने सही करण्याआधी ते त्याच्या हाती पडले पाहिजे. बाई असो वा पुरुष, विवाहित असो वा अविवाहित, कोणी विचारो वा न विचारो, पान सर्वांना जावे.

ही मागणी मी का करते आहे, ते सांगते. मी मुलाखतींसाठी मुलामुलींची तयारी करून घेते. पगाराची बोलणी कशी करावी, यासाठी आम्ही वेगळा वेळ ठेवतो. सध्याचा सीटीसी किती सांगायचा, अपेक्षित किती सांगायचा, हातात येणारा पगार आणि कागदावरचा पगार यांतला फरक कसा काढायचा, हे सगळे मुले भर वर्गात बिनधास्त विचारतात. रजेचा प्रश्न मात्र वर्ग सुटल्यावर येतो. बाकीचे बाहेर पडेपर्यंत एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, मॅटर्निटी लीव्हचं विचारलं तर चालेल का?" असे विचारणाऱ्या अनेकींचे लग्नही ठरलेले नसते. आणि बोलण्यात तरबेज असलेल्या, एरवी कोणाला न घाबरणाऱ्या मुलींनाही मला सांगावे लागते की ऑफर लेखी हातात येईपर्यंत हा विषय काढू नकोस. आजच्या भरतीच्या पद्धतीत हाच सल्ला शहाणपणाचा ठरतो, आणि तो देताना मला दर वेळी संताप येतो. नोकरीच्या एका महत्त्वाच्या अटीबद्दल विचारणे उमेदवाराच्या अंगाशी येऊ शकते, ही परिस्थिती उमेदवाराने निर्माण केलेली नाही.

अंगाशी येते कसे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नोटीस पिरियडबद्दल विचारले म्हणजे उमेदवार उद्या राजीनामा देणार आहे, असा अर्थ कोणी काढत नाही. मेडिक्लेमची मर्यादा विचारली म्हणून त्याला आजारी समजत नाहीत. बाळंतपणाच्या रजेबद्दल विचारणारी मुलगी मात्र लगेच 'वर्षभरात जाणार' या खान्यात पडते. मुलाखतीच्या नोंदीत तसे कोणी लिहीत नाही. तिथे 'कल्चरल फिट नाही' किंवा 'दुसरा उमेदवार अधिक योग्य' असे लिहिले जाते, आणि जे लिहिलेच नाही ते सिद्ध कोण करणार?

खेदाची गोष्ट अशी की ज्या विषयावर तिने गप्प राहायचे, त्याच विषयावर मुलाखत घेणारे मोकळेपणाने बोलतात. "मिस्टर कुठे असतात?" "लग्नाचं काही ठरतंय का?" "घरी मुलांना सांभाळायला कोण आहे?" "पुढच्या दोन-तीन वर्षांचा प्लॅन काय?" हे प्रश्न काळजीच्या सुरात विचारले जातात आणि विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पण नव्याने बाप होणाऱ्या उमेदवाराला 'मुलाला कोण सांभाळतं' असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट पुरुषाचे लग्न झालेले असले की तो 'सेटल्ड' समजला जातो, त्याच्यावर जबाबदारी आहे म्हणून तो टिकेल असे धरले जाते. तीच गोष्ट बाईच्या बाबतीत वजाबाकीला जाते.

या प्रश्नांचा न्यायालयीन इतिहास जुना आहे, आणि तो प्रत्येक मुलाखत मंडळाला माहीत असायला हवा. एअर इंडियाच्या नियमांत एकेकाळी अशी तरतूद होती की हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे आयुर्विमा महामंडळात रुजू झालेल्या नीरा माथुर यांना परिविक्षेच्या काळातच कामावरून कमी करण्यात आले. कारण असे दिले गेले की भरतीच्या वेळच्या घोषणापत्रात त्यांनी शेवटच्या मासिक पाळीची खरी तारीख दिली नव्हती. म्हणजे पाळी, गर्भारपण, गर्भपात यांची माहिती नोकरीच्या अर्जात विचारली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि असे रकाने स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे असल्याने ते काढून टाकावेत, असे महामंडळाला सांगितले. तो निकाल १९९१ चा. त्यानंतर तीस वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, भारतीय स्टेट बँकेच्या नव्या वैद्यकीय निकषांत तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवाराला 'तात्पुरती अपात्र' ठरवून बाळंतपणानंतर रुजू होण्यास सांगणारी तरतूद समोर आली. देशभर टीका झाली आणि त्याच महिन्यात बँकेने ती मागे घेतली. कागदावरचे रकाने असे खोडता येतात. मुलाखतीच्या खोलीत तोंडी विचारलेला प्रश्न खोडायला न्यायालय येऊ शकत नाही, तिथे तुम्हीच असता.

भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये हे समान वेतन कायद्याने १९७६ मध्येच सांगितले होते आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले. म्हणजे भेद न करण्याचे बंधन तुमच्यावर आहेच. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. नुसते विचारू नका एवढ्याने भागत नाही, तुम्ही होऊन सांगितले पाहिजे.

हेही माझ्या मनचे नाही. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा. २०१७ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. वर्तमानपत्रांनी या दोन गोष्टी ठळक छापल्या. तिसरी मागे पडली. त्याच दुरुस्तीने घातलेल्या ११अ कलमाने असे सांगितले की प्रत्येक स्त्रीला तिच्या पहिल्या नेमणुकीच्या वेळीच, या कायद्याखाली मिळणाऱ्या प्रत्येक लाभाची माहिती आस्थापनेने लेखी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यावी. तिने मागावी आणि मग द्यावी, असे संसदेने म्हटले नाही. सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आज १९६१ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि सव्वीस आठवड्यांची रजा तिच्यातही कायम आहे. नेमणुकीच्या वेळी सांगायचे ते ऑफरच्या वेळी सांगा, एवढाच फरक मी मागते आहे. दोन्हींमध्ये जेमतेम काही आठवड्यांचे अंतर असते. पण उमेदवाराच्या दृष्टीने तेच आठवडे मोलाचे असतात, कारण एकदा जुन्या नोकरीचा राजीनामा गेला की बोलणी संपलेली असतात.

माहिती दडवल्याने तुमचे नुकसान कसे होते, तेही पाहा. पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेली, एखाद्या कामात हातखंडा झालेली एक अभियंता घ्या. बाजारात तिला तीस टक्के जास्त पगार मिळू शकतो. पण तिला पुढच्या दोन वर्षांत मूल हवे आहे. आताच्या कंपनीत काय मिळते ते तिला नक्की माहीत आहे, कारण शेजारच्या टेबलवरची मैत्रीण नुकतीच रजेवरून परत आली आहे. तुमच्या कंपनीत काय मिळेल ते तिला कोणी सांगत नाही आणि विचारायची तिला भीती वाटते. मग ती बदल टाळते. पहिल्या मुलापर्यंत थांबते, मग दुसऱ्यापर्यंत थांबते, आणि पगारवाढीची सगळ्यात महत्त्वाची वर्षे जागच्या जागी घालवते. तिच्यासोबतचा मुलगा तोपर्यंत दोन नोकऱ्या बदलून तिच्या वरच्या हुद्द्यावर गेलेला असतो. पुढे तुम्हीच परिषदांमधून खंत करता की वरच्या पदांसाठी अनुभवी स्त्रिया मिळत नाहीत. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनातून हेच दिसले की आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मोठ्या प्रमाणात पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर रुंदावते. आपल्याकडे कित्येकींच्या बाबतीत ती जन्माच्याही आधी, त्या न विचारलेल्या प्रश्नापाशीच सुरू होते.

आता त्या पानावर काय असावे, ते सविस्तर लिहिते, कारण 'आम्ही कायद्याप्रमाणे सगळे देतो' या एका वाक्याने काहीच कळत नाही.

सर्वांत आधी रजा आणि तिची पात्रता. सव्वीस आठवडे हे पहिल्या दोन अपत्यांसाठी आहेत, त्यापुढे बारा. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. हा ऐंशी दिवसांचा आकडा नोकरी बदलणाऱ्या स्त्रीसाठी फार महत्त्वाचा आहे आणि अनेकींना तो माहीतच नसतो. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना आहे, हेही लिहा. संकटाच्या वेळी ही माहिती शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

मग पैशांचे. कायद्याने रजेतला मोबदला आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनावर ठरतो. पण तुमच्या सीटीसीत व्हेरिएबल पे असतो, तिमाही इन्सेंटिव्ह असतो, प्रकल्प भत्ता असतो. रजेच्या काळात यांतले काय चालू राहते आणि काय थांबते? दरमहा साठ हजार हातात येणाऱ्या बाईला सहा महिने पंचेचाळीस हजार मिळणार असतील, तर घराचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला ते आधी कळले पाहिजे. समूह विम्यात बाळंतपणाच्या खर्चाची मर्यादा किती, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात येते की नाही, तेही याच ओळीत यावे.

त्यानंतर अप्रेझल. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार स्त्रियांची सर्वांत मोठी तक्रार रजेबद्दल नसतेच. सहा महिने रजेवर होती म्हणून वर्षाचे रेटिंग खाली आले, ते खाली आले म्हणून बढती एका वर्षाने पुढे गेली, ही ती तक्रार असते. ज्या महिन्यांत काम केले त्या महिन्यांच्या कामावर रेटिंग देणार की संपूर्ण वर्ष गृहीत धरणार, याचे उत्तर छापील असले तर मॅनेजरच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

पाळणाघराबद्दल 'सुविधा उपलब्ध' एवढेच लिहू नका. ते कंपनीच्या आवारात आहे की तीन किलोमीटरवर? किती महिन्यांच्या बाळाला घेतात? संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? शुल्क कोण भरते? कायद्याने आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. पाळणाघर हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यात आणि कार्यालय तिसऱ्या टप्प्यात असेल, तर तिथल्या वाहतुकीत चार फेऱ्या कशा होणार, याचा विचार धोरण लिहिणाऱ्याने करायला हवा.

परतल्यानंतर काय, हेही लिहा. तोच हुद्दा आणि तेच काम मिळेल का? घरून काम करण्याची मुभा आई आणि कंपनी यांनी आपसांत ठरवून घ्यावी, असे कायदाच म्हणतो. मग ते आपसांतले ठरवणे रजा संपायच्या आदल्या आठवड्यात कशाला? ऑफरच्या टेबलावर करता येते.

आणि शेवटी बापाचे. हा मुद्दा पानाच्या तळाशी आला तरी चालेल, पण गाळू नका, कारण या सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला अपत्यजन्मासाठी पंधरा दिवसांची रजा मिळते. खासगी क्षेत्रातल्या बापासाठी देशात कोणताही कायदा नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. पंधरा दिवसांची रजा आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय त्यात होती. ते विधेयक कायदा झाले नाही आणि सातव आज हयात नाहीत. पण कायदा नसला तरी कंपनीला कोणी अडवलेले नाही. झोमॅटोने २०१९ मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांनाही सव्वीस आठवड्यांची रजा जाहीर केली होती. तुमच्याकडे सव्वीस आठवडे शक्य नसतील, चार असतील, दोन असतील, पाच दिवस असतील. जे आहे ते लिहा. बाळाच्या जन्मापासून किती महिन्यांत घेता येते, तुकड्यांत घेता येते का, आणि मॅनेजरने 'प्रोजेक्ट लाइव्ह जातोय' म्हणून ती नाकारली तर दाद कोणाकडे मागायची, हेही लिहा.

मुलगी नेमणे म्हणजे सहा महिन्यांचे खिंडार आणि मुलगा नेमणे म्हणजे अखंड हजेरी, हे गणित जोवर भरतीच्या डोक्यात आहे, तोवर कितीही कार्यशाळा घेतल्या तरी तिच्या नावापुढे मनातल्या मनात फुली पडत राहणार. बापही काही आठवडे रजेवर जातो, जाणे अपेक्षित आहे आणि गेल्याने त्याचे रेटिंग घसरत नाही, हे जेव्हा नेहमीचे होईल तेव्हाच ती फुली मिटेल. बाळ दोघांचे असते. बाळंतिणीला माहेरी पाठवून नवऱ्याने दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडायचा, ही आपली रीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या कामाची राहिलेली नाही.

आता तुमची बाजू. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाने एकट्याने द्यायचा आणि त्याच काळात बदली माणूसही नेमायचा, हा भार खरा आहे. दोन हजार माणसांच्या कंपनीला तो जाणवत नाही. चाकणच्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपला किंवा कोल्हापुरातल्या बारा जणांच्या सॉफ्टवेअर फर्मला तो जाणवतो. पण याच देशात दुसरी पद्धतही चालू आहे. दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक स्त्रीला हाच लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. त्यासाठी मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कर्मचारी पाऊण टक्का वर्गणी भरतो. ती वर्गणी पुरुष कर्मचाऱ्याचीही तेवढीच असते. म्हणून तिथे बाई नेमल्याने मालकाला एक रुपयाही जास्त पडत नाही. एकवीस हजारांची रेषा ओलांडली की मात्र सगळा भार एका मालकाच्या डोक्यावर येतो आणि बाई 'महाग' होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करारही हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा असेच सांगतो. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय श्रम मंत्रालयाने, कमी पगाराच्या स्त्रियांच्या बाबतीत सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याची योजना आखत असल्याचे सांगितले होते.

हा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा १९२९ साली मुंबई प्रांतातच झाला, गिरण्या आणि कारखान्यांतल्या बायकांसाठी. त्याआधी १९२८ मध्ये, ते विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात चर्चेला आले असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून यातला मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि स्त्रियांच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जवळजवळ शंभर वर्षे झाली. सरकारच्या वाट्याचा प्रश्न अजून तिथेच आहे. तुमच्या संघटना आहेत, मराठा चेंबर आहे, अर्थसंकल्पाआधी मंत्र्यांसमोर बसायला तुम्हाला खुर्ची मिळते. करसवलती मागता, विजेचे दर मागता, तसे हेही मागा की बाळंतपणाचा खर्च सर्व मालकांच्या वर्गणीतून आणि सरकारच्या हिश्श्यातून व्हावा. मी आणि माझ्यासारखे अनेक जण तुमच्या पाठीशी उभे राहू. पण त्या मागणीऐवजी मुलाखतीच्या खोलीत मुलींची नावे गाळण्याचा सोपा मार्ग पत्करला, तर सरकारच्या वाट्याचा भार तुम्ही त्या मुलीच्या डोक्यावर टाकता. तिघांमध्ये तिच्याच हातात सर्वांत कमी आहे.

आणखी एक गोष्ट. हे पान फक्त तुमच्या पेरोलवरच्या इंजिनिअरांसाठी नसावे. कार्यालयाची फरशी पुसणारी मावशी, कॅन्टीनमधली ताई, थर्ड पार्टी पेरोलवर असलेली डेटा ऑपरेटर, यांनाही ते मराठीत आणि सोप्या भाषेत मिळाले पाहिजे. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील कामगार स्त्रियांच्या प्रकरणात २००० साली सांगितले. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी बाळंतपणाचा लाभ तोडता येत नाही, हे २०२३ मध्ये सांगितले. कंत्राटदार बदलला की बाई बदलायची, आणि ती गरोदर असेल तर आधी बदलायची, ही पद्धत तुमच्या आवारात चालू असेल तर ती थांबवणे तुमच्या हाती आहे. त्यासाठी कंत्राटाच्या अटींमध्ये एक ओळ घालावी लागते.

काही जण म्हणतील, एवढे सगळे आधी सांगितले तर लोक फक्त रजेसाठी नोकरीला येतील. मुले जन्माला घालायला कोणी नोकरी शोधत नाही. उलट, पान हातात पडले की उमेदवार आणि कंपनी दोघेही मोकळे होतात. कायद्याने दिलेल्या रजेत घासाघीस होऊच शकत नाही, तेवढी द्यावीच लागते आणि त्याहून कमी देणारा करार टिकत नाही. बोलणी होतात ती त्याच्या वरच्या गोष्टींची: व्हेरिएबल राखून ठेवायचे का, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालेल का, बापाची रजा दोन तुकड्यांत मिळेल का. एखादी म्हणेल, मला दोन टक्के पगार कमी द्या पण परतल्यावर सहा महिने लवकर निघू द्या. एखादा म्हणेल, जॉइनिंग बोनस नको, बायकोच्या बाळंतपणात महिनाभर सुटी द्या. तुमच्यासाठी यांतले कित्येक सौदे स्वस्तात पडतील. आज ते होतच नाहीत, कारण त्यांचा विषय काढणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

तुमच्यापैकी अनेक जणी स्वतः आया आहेत. रजेचा अर्ज टाइप करताना बॉस काय म्हणेल याची धाकधूक तुम्हीही अनुभवली असेल. आज त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही बसला आहात आणि नमुना-पत्र बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागत नाही, नवे बजेट लागत नाही. जे धोरण आज पोर्टलवर कुलूपबंद आहे, ते बाहेर काढून सोप्या मराठीत आणि इंग्रजीत लिहायचे आहे, एवढेच.

म्हणून विनंती करते. येत्या कॅम्पस भरतीपासून हे पान ऑफर लेटरला जोडा. नोकरीच्या जाहिरातीत पगाराच्या आकड्याशेजारी आई आणि बाप दोघांच्या रजेचा आकडा छापा. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला लेखी बजावा की लग्न, मूल आणि घरची व्यवस्था यांवर प्रश्न विचारायचा नाही. आणि ज्या दिवशी तुम्ही हे कराल, त्या दिवशी आम्हाला जरूर कळवा. त्या कंपनीचे नाव मी माझ्या प्रत्येक वर्गात, मुलांना आणि मुलींना, आवर्जून सांगेन.

कळावे,

आपली,
मुलाखतींची तयारी करून घेणारी एक शिक्षिका, पुणे